उत्तरकथेतील एलिझाबेथ : प्रेक्षकांच्या तक्रारीचा वाङ्मयीन अर्थ

अभिजात कादंबरीची उत्तरकथा दुसऱ्या लेखकाने लिहावी, ती रहस्यकथेच्या घाटात लिहावी आणि पुढे तिचे दूरचित्रवाणीसाठी रूपांतर व्हावे, असे तिहेरी स्थित्यंतर झाले की मूळ व्यक्तिरेखांचे काय होते, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीची ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’ ही उत्तरकथा पी. डी. जेम्स यांनी २०११ मध्ये लिहिली. ज्युलिएट तौहिदी यांनी तिचे रूपांतर केले व डॅनियल पर्सिव्हल यांनी ते दिग्दर्शित केले. मूळ कादंबरीच्या द्विशताब्दी वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर २०१३ मध्ये, बी.बी.सी.ने ही मालिका तीन भागांत प्रसारित केली. तिच्याविषयी प्रेक्षकांनी नोंदवलेली मते परस्परविरोधी आहेत. परंतु त्या विरोधात एक संगती आहे आणि ती समीक्षेने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

उत्तरकथेचा काळ १८०३ हा आहे. एलिझाबेथ व डार्सी यांच्या विवाहाला सहा वर्षे झाली आहेत. पेम्बर्लीतील वार्षिक नृत्यसमारंभाच्या आदल्या रात्री एक घोडागाडी भरधाव येते आणि एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया आपल्या पतीचा, विकहॅमचा, खून झाल्याचा आक्रोश करीत उतरते. प्रत्यक्षात रानात मृतदेह सापडतो तो कॅप्टन डेनीचा आणि त्याच्याजवळ रक्ताने माखलेला विकहॅम स्वतःला दोष देत असतो. पुढे तपास, खटला, दोषी असल्याचा निर्णय आणि अखेरीस एका मरणोन्मुख तरुणाचा कबुलीजबाब, या क्रमाने कथानक संपते.

मालिकेबद्दलच्या प्रतिकूल मतांचा रोख प्रामुख्याने एलिझाबेथवर आहे. ॲना मॅक्सवेल मार्टिन यांची एलिझाबेथ प्रौढ, थकलेली व निस्तेज वाटते. तिचे कपडे साधे आहेत. तिच्या बोलण्यातली धार हरवली आहे. थोडक्यात, ही ‘आपली’ एलिझाबेथ नव्हे, अशी ही तक्रार आहे. मॅथ्यू ऱ्हीस यांचा डार्सी पुन्हा एकदा ताठर व दुरावलेला झाला आहे. मग विवाहापूर्वी तो जे शिकला ते गेले कोठे, असाही प्रश्न विचारला गेला. याउलट जेना कोलमन यांची लिडिया व मॅथ्यू गूड यांचा विकहॅम यांना प्रतिकूल मत असलेल्यांनीही दाद दिली. मूळ नायिका अनोळखी वाटावी आणि दुय्यम पात्रे मात्र ओळखीची वाटावीत, हे केवळ योगायोगाने घडलेले नाही.

अशा मतांची बोळवण करण्याचे दोन मार्ग समीक्षेत रूढ आहेत. एक म्हणजे, ही निव्वळ भक्तांची भावुकता आहे, असे म्हणणे. दुसरा म्हणजे, रूपांतर ही स्वतंत्र कलाकृती असल्याने मूळ संहितेशी तिची तुलनाच अप्रस्तुत आहे, असे म्हणणे. दुसरे उत्तर सामान्यतः ग्राह्य असले तरी येथे ते अपुरे पडते. जी कृती आपली पात्रे, त्यांचे पूर्वसंबंध आणि वाचकांचे त्यांच्यावरील प्रेम हे सारे उसने घेते, तिला तुलनेतून सूट मागता येत नाही. स्वतः जेम्स यांनी ही जबाबदारी ओळखली होती. ग्रंथारंभी त्यांनी ऑस्टिनची क्षमा मागितली आहे, ती शिष्टाचार म्हणून नव्हे.

वेश आणि चेहरा या प्रेक्षकांनी दिलेल्या कारणांना फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. सहा वर्षांच्या संसारानंतरची, एका मोठ्या वाड्याचा कारभार पाहणारी स्त्री वीस वर्षांच्या मुलीसारखी दिसावी, ही अपेक्षा अवास्तव होय. परंतु कारण चुकीचे सांगितले म्हणून जाणीव चुकीची ठरत नाही. प्रेक्षकांना काहीतरी हरवल्याची जी जाणीव झाली तिचे मूळ एलिझाबेथच्या घडणीत शोधले पाहिजे.

रहस्यकथेचा घाट ऑस्टिनला मुळातच परका आहे, असे मानणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य आहे. जेम्स यांनीच १९९८ मध्ये जेन ऑस्टिन सोसायटीसमोरील व्याख्यानात ‘एमा’ या कादंबरीचा विचार गुप्तहेरकथा म्हणून केला होता. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’लाही तो न्याय लागू पडतो. विकहॅम कोण आहे आणि डार्सी कोण आहे, हे येथले रहस्य. विकहॅमची साक्ष खोटी आहे. तिच्यातील विसंगती वाचकासमोर उघड मांडलेली आहे. आणि डार्सीचे पत्र हा निर्णायक पुरावा आहे. छत्तिसाव्या प्रकरणात एलिझाबेथ ते पत्र पुनःपुन्हा वाचते, एकेक विधान तपासते, विकहॅमने पहिल्याच भेटीत परक्या मुलीला आपली खासगी कहाणी सांगितली होती याचे अनौचित्य तिला आता उमगते. इंग्रजी कादंबरीतील तपासाच्या उत्तम प्रसंगांत या प्रकरणाची गणना करावी लागेल. मात्र या तपासाचा शेवट नेहमीच्या रहस्यकथेसारखा होत नाही. विकहॅम उघडा पडतो, त्याहून अधिक एलिझाबेथ स्वतःपुढे उघडी पडते. ज्या विवेकबुद्धीचा तिला अभिमान होता तीच चुकली, हे तिला कळते. येथे तपास करणारी आणि दोषी ठरणारी व्यक्ती एकच आहे.

एलिझाबेथचे आकर्षण तिच्या चुरचुरीत संवादांत आहे, हे म्हणूनच पुरेसे वर्णन नव्हे. ते तिच्या चुकण्याच्या आणि चूक ओळखण्याच्या सामर्थ्यात आहे. ऑस्टिनचे निवेदन तिच्या मनाशी इतके लगटून चालते की तिच्या चुकीत वाचकही सहभागी होतो आणि तिच्याबरोबर सावरतो. लिडिया व विकहॅम यांचे तसे नाही. मूळ कादंबरीत ती बाहेरून, बोलण्यावागण्यातून दिसतात. कथानकाच्या शेवटी ती आरंभी होती तशीच राहतात. न बदलणारे पात्र कोणत्याही नव्या कथानकात नेता येते. बदल हाच जिचा प्राण आहे अशी व्यक्तिरेखा मात्र तिचा बदल पूर्ण झाल्यावर पुढे न्यायची, तर तिला नवी चूक द्यावी लागते. उत्तरकथेने ती दिली नाही. प्रेक्षकांची दाद आणि नाराजी यांची विभागणी नेमकी याच रेषेवर झालेली दिसते. १९९५ च्या बी.बी.सी. मालिकेतील जेनिफर एली यांची एलिझाबेथ स्वीकारली गेली, हेही येथे ध्यानात घ्यावे. दोष केवळ माध्यमाचा असता तर तसे घडले नसते.

जेम्स यांच्यापुढील अडचण ऐतिहासिकही होती. १८०३ मध्ये इंग्लंडच्या परगण्यांत आधुनिक अर्थाने पोलीस नव्हते. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन झाले. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीसमोर भाषण करण्याचा अधिकार १८३६ पर्यंत नव्हता आणि आरोपीला स्वतःच्या बचावार्थ शपथेवर साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभा १८९८ पर्यंत नव्हती. गुप्तहेरकथा हा वाङ्मयप्रकारच पुढच्या काळातला. पोची पहिली गुप्तहेरकथा १८४१ ची. जेम्स यांनी हा कायदेशीर तपशील जबाबदारीने सांभाळला आहे. स्वतः न्यायदंडाधिकारी असलेल्या डार्सीला घरच्या प्रकरणातून बाजूला व्हावे लागते आणि शेजारचे सर सेल्विन हार्डकॅसल चौकशी करतात, हे त्याचे उदाहरण. पण या प्रामाणिकपणाची किंमत मोठी आहे. तपास करणारा कोणी उरत नसल्याने सत्य कबुलीजबाबाच्या रूपाने बाहेरून यावे लागते. मूळ कादंबरीत सत्य वाचनातून आणि आत्मपरीक्षणातून हाती येते. येथे ते आयते पुढ्यात येते आणि एलिझाबेथ बहुतांशी बघी राहते. विलक्षण गोष्ट अशी की हत्येचे मूळ ओळखीच्या चुकीत आहे. विल बिडवेल डेनीला विकहॅम समजून वार करतो. पहिल्या समजाची फसवणूक हा ऑस्टिनचा खास विषय येथे उगवलेला आहे. पण तो एलिझाबेथच्या जाणिवेपर्यंत पोहोचत नाही.

मालिकेने ही उणीव काही प्रमाणात हेरली, हे मान्य करणे न्याय्य ठरेल. दूरचित्रवाणीवरील एलिझाबेथ स्वतः शोध घेते आणि कबुलीजबाब घेऊन विकहॅमची फाशी थांबवण्यासाठी धावते. कादंबरीपेक्षा मालिका सरस, असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांच्या मताला संहितेतच आधार आहे तो हा. तथापि धावणे म्हणजे बदलणे नव्हे. जॉर्जियानाच्या विवाहावरून पतिपत्नींत ताण निर्माण करण्यासाठी डार्सीला मालिकेने पुन्हा जुन्या अहंकाराकडे ढकलले. पुढे न्यायला वाट नसली की पात्राला मागे न्यावे लागते. डार्सी काहीच शिकला नाही ही तक्रार त्यातून उद्भवते.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी अपरिचित नाही. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) व शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) यांनी महाभारतातील पात्रांना नवे आयुष्य दिले आणि ‘हा तो कर्ण नव्हे’ असा आक्षेप येथेही ऐकू येतो. फरक असा की महाभारताची परंपराच पुनर्कथनाची आहे. कर्ण कोणा एका लेखकाच्या शैलीत बंदिस्त नाही, तर एलिझाबेथ एका विशिष्ट निवेदनशैलीतून जन्मली आहे. तरीही कसोटी समान राहते. सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलायला लावले आणि त्याच्यापुढे स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावण्याचा नवा प्रश्न ठेवला. पेम्बर्लीतील एलिझाबेथपुढे संकट आहे, प्रश्न नाही.

आज महाविद्यालयात प्रवेश करणारे कित्येक विद्यार्थी अभिजात पात्रांना पडद्यावरच प्रथम भेटतात. त्यांच्या नापसंतीला अडाणी ठरवणे किंवा आवडीनिवडींची गणती करून थांबणे, हे दोन्ही अध्यापनाचे काम नव्हे. ‘ही आमची एलिझाबेथ नव्हे’ हे वाक्य समीक्षेचा शेवट नसून आरंभ आहे. मग तुमची एलिझाबेथ कोणत्या प्रकरणात, कोणत्या वाक्यरचनेत, कोणत्या चुकीत राहते, असा पुढचा प्रश्न विचारला की प्रेक्षक वाचक होतो. छत्तिसावे प्रकरण वर्गात संथपणे वाचले, तर या मालिकेबद्दलच्या अर्ध्या वादांचे उत्तर मिळेल आणि उरलेले अर्धे वाद अधिक मोलाचे होतील.