उपग्रह खाली का पडत नाही?

हडपसरचे ग्लायडिंग सेंटर पुण्याच्या पूर्वेकडील गावांना परिचयाचे आहे. तिथून उडणारी विनाइंजिनाची विमाने अनेकांनी पाहिली असतील. जमिनीवरचे विंच नावाचे यंत्र लांबलचक दोर भराभर गुंडाळते, त्या ओढीने ग्लायडर वर चढते आणि उंची गाठली की दोर सुटतो. पुढे इंजिन नाही, तरी ते हवेवर तरंगत राहते.

उपग्रहाचीही सुरुवात अशीच असते. अग्निबाण त्याला वर नेतो, वेग देतो आणि सोडून देतो. पण ग्लायडरला हवेचा आधार असतो. उपग्रहाच्या वाटेवर हवा जवळजवळ नसतेच. मग तो पडत कसा नाही? वाचकहो, उत्तर ऐकून नवल वाटेल. उपग्रह सारखा पडतच असतो!

गोफणीतून दगड आडवा भिरकावला तर तो पुढे जाता जाता खाली येतो. पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर पडतो, मग हळू फेका की जोरात. आता पृथ्वी आहे गोल. आठ किलोमीटर पुढे गेले की तिची पाठही सुमारे पाच मीटर खाली वळलेली असते. म्हणजे हवा नसती आणि दगड सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने फेकता आला असता, तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीनही खाली वळेल. दगड पडत राहील, पण जमिनीला कधीच टेकणार नाही. हीच उपग्रहाची कक्षा. हवेचा अडसर टाळायचा म्हणून त्याला शेकडो किलोमीटर उंच न्यावे लागते.

पूर्वी खळ्यावर मळणी चाले तेव्हा तिवड्याजवळचा बैल सावकाश चाले आणि कडेच्या बैलाला भराभर पावले टाकावी लागत, कारण सगळे एकाच दाव्याला बांधलेले. आकाशात उलटे आहे. तिथे दावे नाही, आहे ती पृथ्वीची ओढ, आणि ती दूर जावे तशी कमी होते. म्हणून जवळचा उपग्रह वेगाने पळतो आणि लांबचा रेंगाळतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून आणखी एकोणीस उपग्रहांसोबत सोडण्यात आला. तो गेला सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर. त्या उंचीवर एका फेरीला साधारण ९५ मिनिटे लागतात. चंद्र मात्र पावणेचार लाख किलोमीटरहून दूर. त्याला एका फेरीला सत्तावीस दिवस लागतात.

या दोहोंच्या मध्ये एक मोक्याची उंची आहे : सुमारे ३६ हजार किलोमीटर. तिथे एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीएवढ्या वेळात पुरी होते. विषुववृत्तावर त्या उंचीला ठेवलेला उपग्रह आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. म्हणूनच घरावरची टीव्हीची थाळी एकदा बसवली की रोज फिरवावी लागत नाही. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून थाळीचे तोंडही दक्षिणेच्या अंगाला. हवामानाचा ‘इन्सॅट-३डीआर’ हा उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ रोजी सोडून पूर्व रेखांश ७४ अंशांवर नेण्यात आला. हडपसरचा रेखांशही जवळपास तोच.

आता यातला आपल्या कामाचा भाग. लांबचा उपग्रह ढगांवर सतत नजर ठेवतो, पण ३६ हजार किलोमीटरवरून त्याला बारीक दिसत नाही. त्याच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपकाच एक किलोमीटरचा. त्यात कित्येक शेतकऱ्यांचे बांध बुडून जातात. जवळच्या उपग्रहाला शेत दिसते, पण तो थांबत नाही. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ची दोन उपग्रहांची जोडी दहा मीटरपर्यंतचे बारकावे टिपते, मात्र एकाच शेतावर परत येते पाच दिवसांनी. त्या दिवशी आभाळ भरलेले असले तर चित्रात नुसते ढग! ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत. भारत-अमेरिकेचा ‘निसार’ ३० जुलै २०२५ रोजी गेला. त्याची वाटही बारा दिवसांनी पुन्हा तीच येते.

गारपीट होते दहा मिनिटांत आणि एकाच शिवारात. शेजारच्या गावाला तिचा पत्ताही नसतो. लांबच्या डोळ्याला ती नीट दिसत नाही आणि जवळचा डोळा नेमका त्या घडीला दुसऱ्याच देशावर असतो. हा कोणाच्या कामातला ढिलेपणा नव्हे, कक्षेचा नियमच तसा आहे. म्हणून ‘वरून सगळे दिसतेच आहे’ या भरवशावर कोणी राहू नये. नुकसान झाल्याबरोबर तारीख-वेळेसह फोटो काढावेत, तलाठी व कृषी खात्याला लगेच कळवावे, पंचनाम्याच्या वेळी घरातले कोणीतरी बांधावर हजर असावे. पावसाची नोंद रोज सकाळी वहीत करावी. हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींना आवडीने जमते. उपग्रह आपल्या वाटेने जाऊन पुन्हा येईल. मधल्या दिवसांचा हिशेब आपल्या वहीतच सापडायला हवा.