गेरूने लिहिलेला घरक्रमांक

१ मार्च २०२७ची मध्यरात्र ही येत्या जनगणनेची संदर्भवेळ ठरली आहे. २०११ नंतर देश पुन्हा मोजला जाईल. प्रगणकाच्या हातात कागदी तक्त्याऐवजी मोबाइल असेल, आणि १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून हाती येतील. जातींच्या रकान्यावर वाद, चर्चा, परिसंवाद सगळे झाले. मोजणी उरकल्यावर या कोट्यवधी नोंदींचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही. तो आत्ताच विचारायला हवा, कारण याच प्रश्नावर आपण एकदा फार मोठे नुकसान करून घेतले आहे.

खानेसुमारी आणि शिरगणती हे शब्द मराठीत जनगणनेच्या कितीतरी आधीचे. मुंबई शहराची १८६४ साली शिरगणती झाली तेव्हा ८,१६,५६२ माणसे भरली. १८७२च्या मोजणीत ती ६,४४,४०५ झाली. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो १८६५ मध्ये कोसळला आणि त्या भावाच्या ओढीने आलेली माणसे परत गेली. दोन आकड्यांमध्ये एका शहराची भरती आणि ओहोटी दिसते. पण ती माणसे कोण होती, कोणत्या गावाहून आली होती, कोणत्या चाळीत राहत होती? त्यांचे एकही नाव त्या आकड्यांतून आपल्यापर्यंत पोचत नाही.

संपूर्ण देश एकाच रात्री मोजण्याची पद्धत १७ फेब्रुवारी १८८१ पासून सुरू झाली आणि १९३१ पर्यंत टिकली. ती राबवणाऱ्यांचे कष्ट थक्क करणारे होते. आधी घरांवर गेरूने किंवा डांबराने क्रमांक घातले जात. मग शाळेतले गुरुजी, तलाठी, कारकून अशी मंडळी, बहुतेक विनावेतन, आपल्या वाट्याच्या तीस-चाळीस घरांतली माणसे काळ्या शाईने आधीच लिहून ठेवत. रात्र शक्यतो चांदण्याची निवडत, जत्रा आणि लग्नाच्या तिथी टाळत. त्या रात्री हेच लोक पुन्हा दारोदार फिरत. दरम्यान कोणी मेले असेल, पाहुणा आला असेल, बाळ जन्मले असेल, तर ती दुरुस्ती लाल शाईने करत. जन्म आणि मृत्यू लाल शाईत नोंदवणारी ही पाने आज आपल्या हाती असती तर!

पण ती नाहीत. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती वहीतून एका छोट्या चिठ्ठीवर उतरवली जाऊ लागली. धर्मानुसार चिठ्ठीचा रंग वेगळा असे. खणांत वाटून त्या मोजल्या की कोष्टके तयार होत, जाडजूड अहवाल छापले जात, आणि कागदांचे काम संपे. अहवाल ग्रंथालयात गेले, वह्या आणि चिठ्ठ्या नष्ट झाल्या. १९४१ मध्ये दर पन्नासातली एक चिठ्ठी नमुन्यासाठी बाजूला काढली गेली, तीही आकडेमोडीसाठी.

त्या वह्यांविषयीचा एक नियम तर मनातून जात नाही. बाईचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल, तर प्रगणकाने नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी सूचना असे. घराबाहेर तिचे नाव उच्चारायचे नाही, ही रीत सरकारी कागदाने जशीच्या तशी मान्य केली. तरी वह्या उरल्या असत्या तर निदान काही नावे सापडली असती. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्याला भयंकर तडाखा दिला. १९११ ते १९२१ हे या देशाच्या जनगणनांतले लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक ठरले. १९११च्या वहीत होती आणि १९२१च्या वहीत नाही, अशी एखादी आजी, आत्या, थोरली जाऊ शोधायला आज कोणी निघाले, तर त्याच्या हाती फक्त जिल्ह्याची बेरीज लागते.

हे असेच होणे भाग होते का? अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने १८२५ ते १९२५ या काळात केंद्राच्या जनगणनेखेरीज स्वतःच्या वेगळ्या जनगणना केल्या. १८५५ पासून प्रत्येक व्यक्तीचे नाव लिहिले, आणि त्या वर्षी तर या गावात किती वर्षे राहता, तेही विचारले. एक प्रत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत राही, दुसरी राजधानीला जाई. २९ मार्च १९११ रोजी आल्बनी या राजधानीतल्या कॅपिटॉल इमारतीला आग लागली आणि राज्याकडच्या तोवरच्या प्रती जळाल्या. काउंट्यांमधल्या अनेक प्रती मात्र शाबूत राहिल्या, आणि त्या काळासाठी आज त्याच वाचल्या जातात. आयोवा राज्याने १९२५ मध्ये माणसाला त्याच्या आईचे माहेरचे नाव विचारले आणि ते जपले. आपल्याकडच्या ‘स्त्री’ या नोंदीशेजारी ठेवून पाहावे, असे हे उदाहरण आहे.

आपला १९४८चा जनगणना कायदा वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवतो. त्या न्यायालयातही पुरावा म्हणून चालत नाहीत. हे योग्यच आहे. आपले उत्तर बाहेर जाणार नाही या भरवशावर माणूस खरे बोलतो, आणि जातीच्या रकान्यामुळे तो भरवसा आता आणखी गरजेचा झाला आहे. पण गुप्त ठेवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. अमेरिका केंद्राच्या जनगणनेतल्या नोंदी ७२ वर्षांनी खुल्या करते, इंग्लंड १०० वर्षांनी. आपणही शंभर वर्षांची मुदत कायद्यात घालावी. तोवर कोणालाही, सरकारी खात्यालाही, त्या नोंदी उघडता येऊ नयेत. प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात, आणि पन्नास वर्षांनंतरच्या यंत्रांनाही वाचता येतील अशा रीतीने त्या वेळोवेळी नव्या माध्यमावर उतरवल्या जाव्यात. त्यांची जबाबदारी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे नावानिशी सोपवावी. हा निर्णय फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारात उभा राहण्याआधी व्हायला हवा, म्हणजे शेवटचा प्रश्न विचारून झाल्यावर घरातल्या बाईला तो सांगू शकेल, की तिचे नाव कुठे आणि किती वर्षे ठेवले जाणार आहे.