नोबेल यांचे मृत्युपत्र आणि ब्रांटिंग यांचा प्रश्न

दरवर्षी १० डिसेंबर रोजी स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे नोबेल पारितोषिके दिली जातात. जगभरची वृत्तपत्रे त्या वेळी मानकऱ्यांच्या कर्तृत्वाचा गौरव करतात, आणि तो उचितच आहे. परंतु ही तारीख मुळात एका कारखानदाराच्या मृत्यूची आहे आणि ही पारितोषिके त्याच्या मृत्युपत्रातून निर्माण झाली आहेत. ती संपत्ती कोठून आली आणि तिचा विनियोग ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विचारावयास हवा. स्वीडनमध्ये तो तेव्हाच विचारला गेला होता, आणि तोही एका समाजवादी संपादकाकडून.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील कल्पक अभियंते होते. पण दिवाळे निघाल्यामुळे त्यांना रशियाची वाट धरावी लागली. सेंट पीटर्सबर्गमधील त्यांच्या कारखान्याने क्रिमियन युद्धात रशियन आरमाराला पाणसुरुंग पुरवले. १८५६ साली युद्ध संपले, सरकारी मागणी आटली आणि कारखाना बुडाला. युद्धावर पोसलेला धंदा शांततेत कसा मरतो, हे आल्फ्रेड यांनी स्वतःच्या घरातच पाहिले.

सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली शोधलेले नायट्रोग्लिसरीन हे विलक्षण शक्तीचे, पण तितकेच बेभरवशाचे द्रव्य होते. त्याला काबूत आणण्याच्या प्रयत्नात ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि आल्फ्रेड यांचा धाकटा भाऊ एमिल याच्यासह काही जण मृत्युमुखी पडले. नोबेल थांबले नाहीत. हे द्रव्य सच्छिद्र मातीत जिरवून त्यांनी १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले. रेल्वे, खाणी, कालवे आणि बोगदे यांच्या त्या युगात या मालाला जगभर मागणी आली. १८७२ ते १८८२ या काळात आल्प्स फोडून काढलेला १५ किलोमीटरचा सेंट गॉटहार्ड बोगदा हा डायनामाइटचा पराक्रम म्हणून सांगितला जातो. पण त्याच बोगद्यात सुमारे २०० मजूर अपघातांत दगावले. रोगाने खंगून गेलेल्यांचा हिशेब वेगळाच. १८७५ साली गोशेनेन येथे मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार जण ठार झाले.

नोबेल यांच्या नावावर ३५५ पेटंटे होती. त्यांची बुद्धी आणि चिकाटी नाकारण्याचे कारण नाही. परंतु पेटंट ही कायद्याने बहाल केलेली मक्तेदारी असते. मूळ शोध सोब्रेरोचा, बोगदे आणि रेल्वे यांची मागणी समाजाची, जीव धोक्यात घालून माल तयार करणारे आणि वापरणारे हात कामगारांचे. आणि संचय मात्र एका खात्यावर. अशी संपत्ती मालकाच्या हाती असली तरी ती समाजाने निर्माण केलेली असते, हे अर्थशास्त्राचे साधे सत्य आहे.

या संपत्तीला दुसरीही बाजू होती. १८८७ साली नोबेल यांनी बॅलिस्टाइट ही तोफांसाठी उपयुक्त अशी निर्धूर दारू शोधली आणि १८९४ साली बोफोर्स हा कारखाना विकत घेतला. १९८७ साली भारतीय राजकारण ढवळून काढणारे नाव ते हेच. शांततावादी लेखिका बेर्टा फॉन सुट्नर यांना मात्र ते सांगत की, दोन सैन्ये एका क्षणात एकमेकांचा नाश करू शकतील त्या दिवशी राष्ट्रे युद्धापासून आपोआप परावृत्त होतील. १९१४ साली या आशेची राख झाली.

२७ नोव्हेंबर १८९५ रोजी नोबेल यांनी पॅरिसमध्ये अखेरच्या मृत्युपत्रावर सही केली. ते अविवाहित होते. मोठ्या वारशाने माणसाची बुद्धी आणि उमेद मंदावते, असे त्यांचे मत होते. म्हणून ३.१ कोटी क्रोनरहून अधिक, म्हणजे जवळजवळ सर्व संपत्ती सुरक्षित रोख्यांत गुंतवावी आणि तिच्या व्याजातून पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता यांसाठी पारितोषिके द्यावीत, राष्ट्रीयत्वाचा विचार करू नये, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या निधनानंतर काही नातेवाइकांनी मृत्युपत्राला विरोध केला. पण राग्नार सोलमान या तरुण सहकाऱ्याने ते नेटाने तडीस नेले आणि १९०१ साली पहिली पारितोषिके दिली गेली.

‘सोशल-डेमोक्रॅटेन’चे संपादक याल्मार ब्रांटिंग यांनी १८९७ सालीच या मृत्युपत्राची परखड चिकित्सा केली. हेतू भव्य आहे, पण चूकही भव्य आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. देणगी देणारा लक्षाधीश व्यक्तिशः आदरणीय असेल. परंतु लक्षाधीश आणि देणग्या या दोहोंचीही गरज नसलेला समाज अधिक चांगला. आपल्याकडे जयप्रकाश नारायण यांनी १९३६ साली गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेवर घेतलेला आक्षेप याच जातीचा होता. विश्वस्त कितीही सज्जन असला, तरी त्याला नेमणारा तोच आणि जाब विचारणाराही तोच.

या आक्षेपाची प्रचीती पुढे आली. गांधीजींचे नाव शांतता पारितोषिकासाठी पाच वेळा सुचवले गेले. ते त्यांना मिळाले नाही. अर्थशास्त्राचे पारितोषिक तर मृत्युपत्रात नव्हतेच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने ते १९६८ साली नोबेल यांच्या स्मरणार्थ सुरू केले आणि जगाने त्यालाही नोबेल म्हणण्यास प्रारंभ केला. याचा अर्थ पारितोषिकांची थोरवी खोटी, असा नव्हे. स्वतः ब्रांटिंग यांना १९२१ साली शांततेचे पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्यांनी ते स्वीकारले. त्यात विसंगती नाही. समाजाच्या श्रमातून साठलेले धन समाजाच्या कार्यासाठी परत आले, तर ते घेण्यात कमीपणा नसतो. मात्र ते घेताना प्रश्न विसरता कामा नये.

तो प्रश्न आज अधिकच तीव्र झाला आहे. भारताने १९८५ साली मृत्युकर रद्द केला. समाजवादी राजवटीचे उदाहरण म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाई त्या स्वीडननेही २००४ च्या अखेरीस वारसाकर काढून टाकला. म्हणजे एका कारखानदाराला १८९५ साली जे उमगले, ते लोकशाही राज्यांनी शतकानंतर सोडून दिले. नोबेल यांनी वारशाला जो नकार दिला, तो स्वखुशीचा होता. म्हणूनच तो अपवाद ठरला. अपवादाची पूजा करण्यापेक्षा त्याचा नियम करणे, हे समाजवाद्यांचे काम आहे. धनिकांच्या दातृत्वाचे सोहळे होत राहतील. मोठ्या वारशावर कर बसवा, ही मागणी मात्र सभांतून आणि विधिमंडळांतून आपल्यालाच लावून धरावी लागेल.