कोंसुआदीचं ताट आणि अय्यप्पाची माळ

नाताळ जवळ आला की मोबाईलवर एकच पीक येतं. 'दहा मिनिटांत प्लम केक', 'ओव्हनशिवाय बिस्किटांचा केक', 'मैदा नाही, साखर नाही, अंडं नाही'... (मग उरलं काय, हे विचारायचं नसतं.) नोकरी करणाऱ्या बायकांची सोय म्हणून हे सगळं असतं म्हणे. मी नोकरी करणारी बाई आहे. बदली होऊन हैदराबादेत आले, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. आणि माझं मत असं की या सोप्या कृतींइतकी गैरसोयीची गोष्ट दुसरी नाही. कारण त्या सगळ्या आयत्या वेळी करायच्या असतात, आणि आयत्या वेळी मी घरी नसते. २४ तारखेला संध्याकाळपर्यंत मी फायलींत असते. तेलंगणा सरकारच्या कचेऱ्यांना २६ डिसेंबरचीही सुट्टी मिळते, आम्हांला तीही नाही.

खरं म्हणजे हा प्रश्न गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांनी कधीच सोडवून टाकलेला आहे. नाताळचे जिन्नस बघा. दोदोल, बेबिंका, पेराद, हरभऱ्याच्या डाळीचा दोस, नेवऱ्या, कुलकुल, पिनाग. यातला एकही त्या दिवशी करून त्या दिवशी खायचा नाही. सगळं आधी करून डब्यात भरायचं. जेवणातलं सोरपोतेलसुद्धा दोन-तीन दिवस आधी शिजतं, रोज गरम करतात, आणि व्हिनेगर मुरल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते असं खाणारे सांगतात. (आमच्या घरात ते शिजत नाही, त्यामुळे मी ऐकीव सांगते आहे.) बाथ हा रवा-खोबऱ्याचा केक घ्या. त्याचं मिश्रण रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी भाजायचं. म्हणजे जेवणं आटपल्यावर कालवून झोपा. याहून सोपं काय असतं?

हे सगळं आधी का करायचं, तर ते ताटात घालून वाटायचं असतं म्हणून. या वाटपाला गोव्यात कोंसुआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालात त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं घरच्यांचं जेवण असा आहे. आमच्याकडे येऊन तो शब्द घराबाहेर पडला आणि शेजाऱ्यांकडे जाणारं ताट झाला. मला हा बदल फार आवडतो. लिस्बनमध्ये घरातले खातात, गोव्यात शेजारी खातात!

आता थोडं कडू. लहानपणी आमच्या घरीही हे ताट यायचं, वर विणलेला पांढरा रुमाल घालून. आजी ते दोन्ही हातांनी घ्यायची, बरं-वाईट विचारायची, रिकामं ताट परत जाऊ नये म्हणून त्यात केळी नाहीतर नारळ ठेवायची. पण स्वतः त्यातलं काही खायची नाही. आम्ही मुलं सोप्यावर बसून सगळं फस्त करायचो आणि ती बघत राहायची. तिला कोणी सनातनी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. गोव्यात शिजवलेल्या अन्नाने फार जुनी भांडणं बघितली आहेत. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदूंच्या कोणत्या चाली पाळू नयेत याची लांबलचक यादी होती. भात मिठाशिवाय शिजवू नये, इथपर्यंत कलमं होती तीत. चुलीवरच्या मडक्यात मीठ कधी पडतं यावर सत्ता नजर ठेवत होती, तिथे दोन्ही बाजूंच्या बायका शेजारणीकडच्या खाण्याला बिचकल्या तर नवल नाही.

नवल याचं की नेवरी टिकली. आमच्या चवथीची नेवरी तीच नाताळची नेवरी. मुरड तीच, सारणात खोबरं तेच. चवथीला आमच्याकडून त्यांच्याकडे जायची, नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे यायची. फर्मानं काढणारे गेले.

हैदराबादेत आल्यावर वाटलं होतं की हे सगळं इथे कुणाला समजणार नाही. तसं काही झालं नाही. तेलुगू ख्रिस्ती घरांत नाताळसाठी डबे भरतात त्यात कज्जिकायलु असतात. ती सरळसरळ आपली करंजी. आणि गव्वलु असतात. मराठी कानाला हे खिरीतले गव्हले वाटतात, पण तेलुगूत गव्वा म्हणजे कवडी. कणीक फणीवर नाहीतर खाचांच्या फळीवर दाबून वळायची, तळायची, वरून गुळाचा किंवा साखरेचा पाक. मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा म्हटलं, अरे, हे तर कुलकुल! सिकंदराबादेत मेट्टुगुडा, दक्षिण लालागुडा या रेल्वेच्या वस्त्यांतून अँग्लो-इंडियन घरं आहेत, त्यांच्याकडेही कुलकुल हाच शब्द. गोव्याची कोकणी तर त्यांना सरळ किड्यो म्हणते. नाव ऐकून कोणी खाणार नाही, खाल्ल्यावर डबा सोडणार नाही.

शिवाय इथली हवा आमच्या बाजूची आहे. गोव्यात डिसेंबरातही हवेत दमटपणा असतो, नेवरी चार दिवसांत नरम पडते. इथली थंडी कोरडी. घट्ट झाकणाच्या डब्यात कुलकुल तीन आठवडे कुरकुरीत राहतात. पेरूही थंडीत भरपूर येतात. मनुका, टूटीफ्रूटी, काजू वगैरे बेगमबाजारात एकदाच जाऊन आणावं. केकची फळं मी नोव्हेंबरातच भिजत घालते, निम्मी रममध्ये आणि निम्मी संत्र्याच्या रसात. रसातली मात्र फ्रीजमध्येच ठेवावी लागतात, नाहीतर आंबतात. घरी ओव्हन नसेल तर अडत नाही. आमच्या भागातल्या बेकरीवाल्याकडे मिश्रण भरलेली भांडी नेऊन दिली की तो थोड्या पैशांत भाजून देतो. फक्त २३-२४ तारखेला जाऊ नये, भांड्यांची रांग लागलेली असते. १५ तारखेला जावं. फळांचा केक मुरला की चांगलाच लागतो.

पेराद सगळ्यांत सोपी, आणि तिच्यासाठी एक रविवार पुरतो. पिकलेले पण घट्ट पेरू उकडायचे, गर चाळणीतून दाबून बिया काढायच्या. गराच्या वजनाच्या पाऊणपट साखर, एका लिंबाचा रस. मग जाड बुडाच्या भांड्यात ढवळत बसायचं. गोळा कडा सोडून फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापायचा आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. मिश्रण उडतं, हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्यावा. दोसाला हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं आणि साखर. करायला सोपा, पण ओल्या खोबऱ्यामुळे आठवड्याच्या वर भरवसा नाही. तो शेवटी करावा. दोदोलाला माडाचा काळा गूळ लागतो, तो इथे मिळत नाही. ताडाचा गूळ मिळतो, ताटी बेल्लम म्हणतात. चव थोडी वेगळी येते, रंग तोच. बेबिंका मी करत नाही. एकेक थर वरून निखाऱ्याची धग देऊन भाजायचा, तो कोरडा झाला की पुढचा ओतायचा, हे काम कारकुनाचं नव्हे. तिला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा ती मानाने गोव्याहूनच येऊ दे.

आणि इथेच माझा आक्षेप सुरू होतो. आता गोव्यातसुद्धा पूर्ण कोंसुआद खोक्यात भरून विकत मिळते. म्हापशाच्या बाजारात जिन्नस सुटे मिळायचेच, त्याला कोणाची ना नव्हती. पण बंद खोकं आलं की देणारीला आत काय आहे हे सांगता येत नाही. अंडं आहे का? तूप कसलं? हे प्रश्न आपल्या देशात रोज विचारले जातात आणि हल्ली जरा जास्तच संशयाने विचारले जातात. घरी केलेल्या जिन्नसाला उत्तर असतं. पेराद, दोस, दोदोल, नेवरी, पिनाग यांत अंडं लागतच नाही. कुलकुल नारळाच्या दुधात भिजवले तर तेही बिनअंड्याचे होतात. म्हणून मी दोन ताटं लावते. एक केकचं, एक बिनअंड्याचं. नाताळ अनेकदा मार्गशीर्षात येतो, मराठी शेजारणींचे गुरुवार असतात, त्यांना दुसरं ताट. कोणी म्हणतं, तुम्ही हिंदू, मग नाताळचं तुम्ही कशाला करता? मी म्हणते, इतकी वर्षं ताट आमच्याकडे आलं, आता आमची पाळी.

आमच्या विभागात एकजण दरवर्षी अय्यप्पाची दीक्षा घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबादेत काळ्या कपड्यांतले, अनवाणी असे स्वामी जागोजागी दिसतात. ४१ दिवसांचं व्रत, बाहेरचं शिजवलेलं अन्न वर्ज्य. पहिल्या वर्षी मी त्यांच्या टेबलावर डबा ठेवला, तर त्यांनी हात जोडले आणि माळेकडे बोट दाखवलं. मला माझी आजी आठवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कच्चे पेरू नेऊन दिले, ते त्यांनी घेतले. पण आजीच्या वेळी न सुचलेली एक गोष्ट मला सुचली. पेराद टिकते. त्यांच्या वाट्याच्या वड्या मी वेगळ्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून ठेवते. ते शबरीमलैहून परत येतात, माळ उतरते, आणि मग एके दिवशी चहाच्या वेळी ते स्वतःच येऊन विचारतात, "मॅडम, मेरा डिब्बा?"