ऑनर्सची पदवी आणि झोपेची उधारी

बारावीचा निकाल लागला की आपल्या गावात पूर्वी एकच प्रश्न असे: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? आता त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला आहे. पदवी तीन वर्षांची घ्यायची की चार वर्षांची ऑनर्स? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा पर्याय आणला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा आराखडा दिला. तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांना किमान १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून हे धोरण संलग्न महाविद्यालयांनाही लागू झाले.

हे धोरण चांगले की वाईट, हे शिक्षणतज्ज्ञांनी ठरवावे. पण त्यातल्या एका आकड्याचा आरोग्याशी जवळचा संबंध आहे. तो म्हणजे ७५ टक्के. पूर्वी शेवटच्या वर्षी नेटाने अभ्यास करून मागचे भरून काढता येई. आता सहाही सत्रांचे गुण मोजले जातात. म्हणजे हुशार मुलाच्या डोक्यावर सलग तीन वर्षे परीक्षा टांगलेली असते. त्यात जिल्ह्याच्या गावातून पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरला गेलेले मूल घरापासून दूर, खोलीत तिघे-चौघे, मेसचा डबा आणि हातात मोबाईल अशा अवस्थेत हा अभ्यास करते.

दिवाळीच्या सुट्टीत ही मुले घरी येतात आणि आई त्यांना दवाखान्यात घेऊन येते. तक्रारी ठरलेल्या असतात. पित्त होते, डोके दुखते, केस गळतात, दम लागतो, वाचलेले लक्षात राहत नाही. आई म्हणते, 'डॉक्टर, एखादं टॉनिक द्या.' तपासल्यावर बहुतेक वेळा दोनच गोष्टी हाती लागतात: अपुरी झोप आणि अपुरे खाणे. या दोन्हींवर बाटलीतले औषध नाही.

आधी झोपेचा हिशेब मांडू. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांना रोज सात ते नऊ तास झोप लागते. वसतिगृहातले मूल रात्री दीडला झोपते आणि सकाळच्या तासासाठी सातला उठते. म्हणजे साडेपाच तास. आठ तासांची गरज धरली तर रोज अडीच तासांची उधारी, आठवड्याला साडेसतरा तास. रविवारी बारापर्यंत लोळून ही उधारी फिटत नाही, उलट शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि रविवारी रात्री झोपच येत नाही. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. म्हणून पहाटे तीनपर्यंत जागून केलेला अभ्यास हा भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरण्यासारखा आहे. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश पहाटे तीनलाही अंगात असू शकतो. त्यामुळे चहा-कॉफी दुपारनंतर बंद करावी आणि मोबाईल उशाशी घेऊन झोपू नये.

दुसरे खाणे. सकाळचा नाश्ता बुडवणे हा वसतिगृहाचा रिवाजच होऊन बसला आहे. आधी पोटोबा मग विठोबा, असे आपले वाडवडील म्हणत. इथे तर पोटोबाला फक्त चहा-बिस्किट मिळते. मुलींच्या बाबतीत गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, मुलगी आळशी झाली. ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह कमी असते. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, बाजरीची भाकरी, अळीव, जेवणात लिंबाची फोड हे महाग खाणे नव्हे. मात्र जेवणाबरोबर चहा घेतला की लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत तासाभराचे अंतर हवे. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते, त्याला घाबरून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

तिसरी गोष्ट मनाची. ती सर्वांत अवघड, कारण हुशार मुलाचे मन दुखावले आहे हे बाहेरून दिसत नाही. नापास होणाऱ्या मुलाकडे शिक्षकांचे लक्ष जाते. ८० टक्के मिळवणारा आतून खचला असेल तर त्याची गुणपत्रिकाच त्याला झाकून टाकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. प्रत्येकामागे अभ्यास हेच कारण होते असे नाही. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. पण हा आकडा वाचून आपण पान उलटू नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, मित्र टाळत असेल, झोप किंवा भूक पार बदलली असेल, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा गैरसमज आहे. उलट मुलाला मोकळे वाटते. तसे विचार असतील तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. तिथे मराठीत बोलता येते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या महाविद्यालयाला ऑनर्सचे वर्ग चालवायचे आहेत, त्याने ग्रंथालय आणि प्रयोगशाळेइतकीच मुलांच्या प्रकृतीची सोय करावी. वर्षातून एकदा वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी. वसतिगृहाच्या मेसमध्ये सकाळी पोटभर नाश्ता असावा. समुपदेशक हवाच. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असे सांगितले आहे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि त्यांचा चारचौघांत पाणउतारा करणे शक्यतो टाळावे, असेही त्यात आहे. प्रवेश घेताना पालक फी विचारतात, बस विचारतात. आता 'समुपदेशक कोण आहेत, कोणत्या वारी भेटतात?' हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारावे.

'आम्ही कंदिलाखाली शिकलो, आम्हाला कुठे समुपदेशक होता?' असे काही वडीलधारे म्हणतील. खरे आहे. पण त्या वेळी कंदिलातले तेल संपले की पुस्तक मिटावेच लागे. आजच्या मुलाचा दिवा रात्रभर जळतो आणि तो कधी मालवायचा हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

पालकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा चार वर्षांचे ऑनर्स आणि एक वर्षाचे पदव्युत्तर, दोन्ही वाटांनी पाचच वर्षे लागतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबणे म्हणजे हरणे नव्हे. मूल थकले असेल तर त्याला ही वाट मोकळी आहे, हे घरातून एकदा तरी स्पष्ट सांगा. आणि आज रात्री फोन कराल तेव्हा 'किती मार्क पडले?' याच्या आधी 'काल किती वाजता झोपलास? सकाळी काय खाल्लंस?' एवढे विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता एकदा जाऊन भेटून या.