ठिगळांचा वारसा

विदर्भातल्या दर्यापूरचा परिसर कापसाचा. शेजारच्याच शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले गाडगेबाबा ठिगळांचे कपडे घालून गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी ही इथली घराघरातली कला. शेजारणी मिळून ती शिवतात.

जुनं कापड वाया न घालवता पुन्हा वापरण्याच्या याच विचाराला दिल्लीत अंशू गुप्तांनी १९९९ साली संस्थेचं रूप दिलं. त्यांची ‘गूंज’ शहरांतले वापरलेले कपडे गावांत पोहोचवते आणि जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड बनवते.

दर्यापुरातही हे घडावं. शिंप्याकडची कात्रणं, बचतगटातल्या बायांचा टाका आणि तरुण डिझायनरची नजर एकत्र आली, तर जॅकेटं, पिशव्या, दुलया इथेच तयार होतील. मात्र लेबलवर टाका घालणारीचं नाव हवं आणि विक्रीत तिचा रास्त वाटाही.