शहाण्यांचे गाव तहानलेले का?

उन्हाळा लागला की गावोगावी बोअरच्या गाड्या धडधडू लागतात. शेजाऱ्याने तीनशे फूट घेतला म्हणून आपण चारशे घ्यायचा. आपला चारशे झाला की तो पाचशेवर जातो. मग शेतकऱ्याला अडाणी, हावरट म्हणून सगळे मोकळे होतात.

शेतकरी बंधूंनो, हा आरोप खरा नाही. बोअर घेणाऱ्याचा हिशेब चोख असतो. जमिनीखालचे पाणी काही बांधापाशी थांबत नाही. मी नाही उपसले तर शेजारी उपसणारच, मग माझीच बाग मी का वाळवू? शेजारीही नेमका हाच विचार करतो. प्रत्येक जण शहाणपणाने वागतो आणि सारे गाव मिळून टँकरची वाट पाहते!

गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ साली सामाईक कुरणाच्या उदाहरणातून हाच पेच मांडला होता. एक जनावर वाढवणे प्रत्येकाला परवडते, कुरण मात्र उजाड होते. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणे, नेपाळमधले पाटपाणी तपासून दाखवले, की लोक स्वतः नियम करून आणि एकमेकांवर नजर ठेवून हा पेच सोडवू शकतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, उसाला आणि केळीला मनाई केली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावर पिके ठरवायची, ही तिथली रीत. तिथे काही सगळे संत जन्मले नाहीत. शेजारीही थांबणार ही खात्री मिळाली, तेव्हा आपण थांबणेही फायद्याचे ठरले.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. पण नुसत्या कागदाने शेजारी थांबेल अशी खात्री कुणाला वाटत नाही. ती खात्री गावानेच द्यायची असते.

म्हणून सरपंच व ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना विनंती, की भिंतीवर 'पाणी वाचवा' रंगवून थांबू नका. विहिरींची पातळी दरमहा फळ्यावर लिहा. नियम मोडणाऱ्याला काय दंड, तेही ग्रामसभेतच ठरवा आणि तो पुढाऱ्यालाही लावा.

आणि शेतकरी बंधूंनो, पहिला कोण थांबणार, असे विचारत बसू नका. सगळे एकाच दिवसापासून थांबू, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा.